दानूकाठचे सहचर

पासाउला डोनाउ, इन आणि इल्त्स या तीन नद्या एकमेकींना मिळतात. बव्हेरिया संपून ऑस्ट्रिया लागायच्या थोडे आधी हे गाव आहे. तिथून व्हिएन्नापर्यंत नदीच्या काठाकाठाने सायकलवरून जाणाऱ्यांची उन्हाळ्यात रीघ लागलेली असते. एका वर्षी त्या रिघेत मीही होतो. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सात दिवस आणि भाड्याची सायकल. गाव सोडता सोडताच पाटी दिसली : डोनाउराडवेग. बाकीचे बाण बघून पुढे गेले, मी पाटीपाशी उतरलो. ही खोड जुनी आहे, आणि तिच्यापायी त्या सात दिवसांत मी रोज सगळ्यांच्या शेवटी मुक्कामाला पोहोचलो.

पाटीवरचा शब्द तीन तुकड्यांचा. डोनाउ म्हणजे नदी, राड म्हणजे चाक आणि अर्थात सायकल, वेग म्हणजे वाट. आपला संस्कृतातला ‘वेग’ तो नव्हे. त्या पाटीखाली मी ज्या चालीने उभा होतो ती पाहता वेगाचा संबंध जोडणे धाडसाचेच ठरले असते.

आधी राड घेऊ. जर्मन माणूस हा शब्द लिहितो ‘राड’, पण उच्चारतो ‘राट’. कान टवकारतात, कारण आपल्याकडे रहाट आहे. पण हा चकवा. रहाट आला तो ‘अरघट्ट’ या संस्कृत शब्दावरून, आणि त्याचे राडशी काही नाते दिसत नाही. खरा भाऊबंद जरा आडबाजूला उभा आहे : रथ. लॅटिन ‘रोता’ म्हणजे चाक, लिथुएनियन ‘रातास’ म्हणजे चाक, जर्मन ‘राड’ म्हणजेही चाक. एकट्या संस्कृतात आणि तिच्या इराणी बहिणींत मात्र तो शब्द चाकावरून सबंध गाडीवर चढून बसला. हे कसे झाले असावे त्याचा दुवा लिथुएनियनमध्ये सापडतो : तिथे ‘रातास’चे अनेकवचन ‘राताय’ म्हणजे गाडी. चाके म्हटले की गाडी आलीच. गंमत अशी की जर्मन लोकांनी हीच उडी तीनेक हजार वर्षे उशिरा मारली. आज ‘मी राडने आलो’ म्हणणारा एका चाकावर आलेला नसतो, सायकलवर आलेला असतो. वैदिक ऋषी आणि लिन्त्सचा पोस्टमन एकाच पायरीवर आले म्हणायचे.

वेग हा शब्द ‘वह्’ धातूचा सगा आहे. वहन, वाहन, वाहणे ही आपल्याकडची मंडळी. गाडीसाठीचा जर्मन ‘वागेन’ तिकडचा. जिथून वाहून नेतात ती वाट. आपली ‘वाट’ मात्र वेगळ्या घरची : वर्त्मन्, प्राकृतात वट्ट, मराठीत वाट. मुळात ‘वृत्’ म्हणजे वळणे, फिरणे. चाके जिथे फिरून फिरून गेली तो माग, असा अर्थ असावा. गाडीवाटेवरच्या खाचेला आपण चाकोरी म्हणतो, त्यातही चाक आहेच. आता चाकोरी म्हटले की तिच्याबाहेर पडायचे सल्ले ऐकू येतात, पण बैलगाडी हाकणाऱ्याला चाकोरी सुटणे म्हणजे काय हे विचारून पाहावे.

पण ही वाट मुळात चाकांची नव्हेच. ऑस्ट्रियात नदीलगतच्या पट्टीला अजून ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. वाफेच्या बोटी येण्याआधी प्रवाहाविरुद्ध जायचे तर काठावरून घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. त्या घोड्यांची ही वाट. मराठीत या कामाला नेमका शब्द मला आठवेना, मग बंगाली आठवली : तिकडे दोराने नाव ओढणे म्हणजे ‘गुण टाना’. गुण म्हणजे दोरी हा संस्कृतातला जुना अर्थ. अमरकोशात नावेच्या डोलकाठीला ‘गुणवृक्षक’ म्हटले आहे. आपल्याकडे गुणाचा दोर तुटून नुसता सद्गुण उरला. ट्रेपेलवेगला ‘गुणवाट’ म्हणावे असे माझ्या मनात आले, पण कोणी मान्य करील असे वाटत नाही. प्रवाहाबरोबर जाणाऱ्यांना अर्थात घोडे लागत नसत. उल्म गावाहून लाकडी नावा भरून खाली सोडत. व्हिएन्नाला किंवा त्याही पुढे पोहोचल्या की परत आणण्याचा खटाटोप कोण करणार, म्हणून बहुधा मोडून लाकूड विकून टाकत. आजचे सायकलवालेही बहुतेक प्रवाहाबरोबरच उतरतात आणि परतताना रेल्वेत बसतात. फक्त सायकल मोडून विकत नाहीत, एवढाच फरक.

नदीचे नाव हा तर मोठा मासा. जर्मनमध्ये डोनाउ, स्लोव्हाकमध्ये दुनाय, हंगेरियनमध्ये दुना, सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये दुनाव, रुमानियनमध्ये दुनरेया, आणि रोमन लोकांचा दानुवियुस. रोमनांसाठी तो पुरुष होता, जर्मनांनी त्याची बाई केली. शेपटीचा ‘आउ’ हा पाणथळ कुरणासाठीचा जर्मन शब्द मागाहून चिकटला असावा. परक्या नावाला ओळखीचा मुखवटा घालण्याची सवय सगळ्याच भाषांना असते. मुखवटा काढला की खाली ‘दानु’ उरतो. अवेस्तात दानु म्हणजे नदी. कॉकेशसमधल्या ओसेटिक भाषेत ‘दोन’ म्हणजे आजही पाणी, नदी. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या दोन, द्न्येपर, द्न्येस्तर या नद्यांतही हाच शब्द वाहतो असे मानतात. ऋग्वेदात दानु म्हणजे थेंब, ओलावा. आणि दानु हे वृत्राच्या आईचेही नाव. पाणी अडवून बसलेला वृत्र तिचा मुलगा, आणि तिची प्रजा ते दानव. म्हणजे जी नदी मी उजव्या हाताला ठेवून चाललो होतो, ती शब्दांच्या कुळात दानवांची जवळची नातलग. दिसायला मात्र गरीब होती.

शेजारच्या नद्याही रिकाम्या हाताने येत नाहीत. राईनचे जुने केल्टिक नाव रेनोस. त्यातला धातू वाहण्याचा, म्हणजे संस्कृतातल्या ‘रीयते’चा, आणि ‘रय’ म्हणजे ओघ, वेग यांचा. दक्षिण टिरोलमधल्या टोब्लाखपासून जिच्या काठाने उतरायला पोराबाळांसह कुटुंबे निघतात ती द्रावा नदी ‘द्रु’ धातूची, द्रव आणि द्रुत यांची बहीण दिसते. इझार ही म्युनिकवरून येऊन डोनाउला मिळणारी. तिच्यात वेदातला ‘इषिर’, म्हणजे चपळ, जोरकस, पाहणारे पाहतात. वाहते, पळते, उसळते : जुन्या माणसांनी नद्यांना नावे ठेवताना फार डोके चालवलेले दिसत नाही, आणि ते बरेच झाले.

डोनाउच्या काठावर किलोमीटरच्या पाट्या असतात. त्या काळ्या समुद्रावरच्या सुलिनापासून उलट्या मोजलेल्या आहेत. पासाउ सुमारे २,२२५, व्हिएन्ना सुमारे १,९३०.  तुम्ही पुढे जाता तसा आकडा कमी होत जातो. पगारदार माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटावे.

आता बसायच्या वस्तूकडे वळू. बायसिकल हा शब्द फ्रेंचांनी जुळवला, अर्धा लॅटिन आणि अर्धा ग्रीक. ‘बि’ म्हणजे आपला द्वि. ‘किक्लोस’ म्हणजे चाक, आणि तो तर थेट ‘चक्र’. ग्रीक आणि संस्कृत शब्द मुळाशी इतके एक आहेत की बायसिकलचे ‘द्विचक्र’ हे भाषांतर म्हणताच येत नाही. तो तोच शब्द, दुसऱ्या घरी वाढलेला. चक्र, चक्क, चाक ही आपली उतरंड. इराणमध्ये चक्राची अक्षरे उलटीपालटी होऊन ‘चर्ख’ झाला, आणि तो चरखा, चरखी होऊन आपल्याकडे परत आला. फारसीत सायकलला ‘दोचर्खे’ म्हणतात. दोचर्खे आणि दुचाकी समोरासमोर ठेवून पाहावे : दोघांनी एकमेकांना न विचारता तेच दोन तुकडे उचललेले दिसतात. पुढे मराठीत दुचाकी मोटारसायकलने पळवली आणि पायाने चालवायची ती नुसती ‘सायकल’ राहिली, म्हणजे नुसते ‘चाक’. जर्मन राडसारखेच. चेक आणि स्लोव्हेनियन लोक सायकलला ‘कोलो’ म्हणतात. तेही चाकच, तेही चक्राच्याच कुळातले. सर्बियात मात्र कोलो म्हणजे हात धरून फेर धरायचा नाच.

मराठीत एक पायगाडीही होती. किती साधा, सरळ शब्द! तो टिकला असता तर बरे झाले असते असे मला वाटते. निदान पाय टिकला आहे, तोही एका चुकीच्या कृपेने. इंग्रजी पेडलचे आपल्या लोकांनी ‘पायडल’ केले. पायाने मारायचे ते पायडल, असा हा अडाणी हिशेब. पण पेडल ज्या लॅटिन ‘पेस’, ‘पेदिस’पासून आला तो संस्कृत ‘पाद’चा सख्खा भाऊ, आणि पादचाच झाला पाय. म्हणजे दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराने जी व्युत्पत्ती लावली ती विद्वानांच्या व्युत्पत्तीला जाऊन मिळते. असे वारंवार होत नाही, म्हणून नोंद केली.

जर्मनांची कथा वेगळी. १८१७ च्या जूनमध्ये कार्ल ड्राइस या गृहस्थाने मानहाइम गावात, म्हणजे राईन आणि नेकार यांच्या संगमापाशी, दोन चाकांचे लाकडी यंत्र पायाने जमीन ढकलत चालवून दाखवले. त्याला पायडल नव्हते. त्याचे नाव ‘लाउफमाशिने’, धावयंत्र. पुढे फ्रान्सहून ‘वेलोसिपेद’ आला, म्हणजे चपळपाय, मग इंग्लंडहून बायसिकल. १८८५ च्या सुमारास जर्मन सायकल-मंडळांनी हे परके शब्द टाकून ‘फारराड’ पसंत केला. आपल्याकडच्या भाषाशुद्धीची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच की त्यांचा शब्द रुजला. स्विस लोकांनी मात्र ऐकले नाही. ते अजून ‘वेलो’च म्हणतात.

फारराडमधल्या राडला आपण भेटलो. उरला ‘फारेन’. जाणे, प्रवास करणे हा आजचा अर्थ. पण त्याचे मूळ ज्या धातूत आहे तो संस्कृतात ‘पृ’ : पिपर्ति, पारयति, म्हणजे पलीकडे नेतो, तारून नेतो. आपला ‘पार’ त्यातलाच. पार पडणे, पार करणे, नदीपार. ही खूण मनात ठेवून नदीकाठी हिंडले की जर्मन शब्द आपोआप बोलू लागतात. नदी ओलांडायची नाव म्हणजे ‘फेरे’. पायी ओलांडता येईल असा उतार म्हणजे ‘फुर्ट’. माइन नदीच्या काठाने सायकलवाट जाते, तिच्यावर हासफुर्ट, श्वाइनफुर्ट, ओक्सनफुर्ट, फ्रांकफुर्ट अशी उतारांची माळ लागते. ओक्सनफुर्ट म्हणजे बैलउतार. इंग्लंडातल्या ऑक्सफर्डचा हा जर्मन मावसभाऊ, फक्त विद्यापीठाच्या जागी तिथे द्राक्षमळे.

आपण हा संसार ‘तॄ’ धातूवर मांडला. कोकणात खाडी ओलांडायची ती तर. उतरायची जागा तो उतार. तीर्थ म्हणजेही मुळात पाण्यात उतरायची, ओलांडायची जागा; पुण्य तिथे नंतर साठले. आणि गाडीत बसलेल्याला आपण म्हणतो उतारू. चढताना, बसताना, झोपताना, भांडतानासुद्धा तो उतारूच. बहुधा नावेतल्या माणसाचा शब्द आगगाडीत जाऊन बसला असावा.

वाखाउ भागात, श्पित्स गावाजवळ, नदीवर अशीच एक फेरे आहे. तिला इंजिन लागत नाही. नदीवरून आडवा दोर टांगलेला, नाव त्याला बांधलेली. सुकाणू जरा तिरपे केले की प्रवाहाचा जोरच तिला पलीकडे ढकलतो. पृ आणि गुण, दोन्ही एका जागी. मी पोहोचलो तेव्हा नाव पलीकडे होती आणि काठावर एक वयस्क जोडपे दोन सायकली टेकवून उभे होते. त्यांना मी तीन दिवस पाहत होतो, म्हणजे त्यांच्या पाठी पाहत होतो. बाईंनी विचारले, तुमचा ‘गेफेर्टे’ कुठे राहिला? मी म्हटले, पुढे गेला. आणि मग गप्प झालो, कारण शब्द डोक्यात शिरला होता.

गेफेर्टे म्हणजे सोबती. ‘गे’ म्हणजे सह, आणि पुढे ‘फार्ट’, प्रवास, म्हणजे पुन्हा फारेनच. सायकल फारराड, नाव फेरे, उतार फुर्ट आणि सोबती गेफेर्टे, सगळे एका आईची लेकरे! हेवा वाटला. मग काठावरच्या दगडावर बसून मनाशी हिशेब मांडला, आणि हेवा उतरला. आपला सहचर घ्या. सह अधिक चर. हा ‘चर्’ धातू, फिरणे, हिंडणे, ज्या जुन्या मुळापासून निघाला त्याच मुळाचे द्वित्व होऊन चक्र झाले आहे. चर आणि चक्र, ग्रीक किक्लोस आणि इंग्रजी व्हील, सगळे एकाच फिरण्यातून. म्हणजे आपल्याकडेही चाक आणि सोबती एकाच घरचे. जर्मनांनी ओलांडण्यातून दोघांना काढले, आपण फिरण्यातून. मराठीत सहचर पुढे पत्रिकेतल्या ‘सहचारिणी’पाशी जाऊन अडकला ही गोष्ट वेगळी.

सोबतीला शब्द देताना माणसांनी काय काय वाटून घेतले ते पाहण्यासारखे आहे. जर्मन ‘गेझेले’ म्हणजे एका दालनात राहणारा. ‘कामेराड’ म्हणजे एका खोलीतला. त्यातला कामेरा म्हणजे खोली. लॅटिन ‘कोम्पानियो’ म्हणजे एका भाकरीचा. कोम् म्हणजे सह, पानिस म्हणजे पाव. हा पाव मी अलंकाराने म्हणत नाही. पानिसचा पोर्तुगीजमध्ये ‘पांव’ झाला, तो गोव्यात उतरला आणि मराठीत पाव झाला. आणि कोम्पानियोपासून फ्रेंच-इंग्रजी वळणाने आली ती ‘कंपनी’. कंपनी सरकार असो की नाटक कंपनी, तिच्या पोटात पाव आहे. नाटक कंपन्यांच्या पंक्ती आठवल्या तर व्युत्पत्ती पटते. सरकारच्या बाबतीत वाटून खाण्याचा भाग कमी पडला.

संस्कृतात तांड्याला ‘सार्थ’ म्हणतात : स आणि अर्थ, म्हणजे माल बरोबर असलेले. स्लाव भाषांतला ‘तोवारिश’ तुर्की ‘तवार’ म्हणजे माल, जनावरे यांवरून आलेला दिसतो. क्रांतीच्या घोषणांत गाजलेला हा कॉम्रेड मुळात व्यापाऱ्याचा जोडीदार असावा! हंगेरियनने तो स्लाव भाषांतून ‘तार्श’ म्हणून उचलला, आणि तिथे सहप्रवासी म्हणजे ‘ऊतितार्श’, वाटेचा तार्श. स्लाव ‘द्रुग’ म्हणजे मित्र, आणि त्याचेच विशेषण ‘द्रुगी’ म्हणजे दुसरा. संस्कृतातही ‘द्वितीय’ म्हणजे सोबती : छायाद्वितीय म्हणजे ज्याला फक्त सावलीची सोबत. शेवटच्या सायकलवाल्याला हे विशेषण चपखल बसते.

या वाटेवर समोरून येणारा ‘सेर्वुस’ म्हणून पुढे जातो. लॅटिनमध्ये सेर्वुस म्हणजे दास. तुमचा दास आहे, एवढे लांबलचक लीन वाक्य झिजून एका शब्दावर आले. बव्हेरियापासून हंगेरी, ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत हा शब्द डोनाउच्या खोऱ्यात चालतो. हंगेरीतला ‘सिया’ त्याचाच झिजलेला तुकडा. आपल्याकडे पत्रात ‘सेवेसी’ असायचे आणि बोलण्यात ‘बंदा’, फारसीतला गुलाम. जगातले बरेचसे नमस्कार असे खोट्या गुलामगिरीवर चालतात.

नाव आली. बाईंनी पिशवीतून एक गोल पाव काढला, मोडला आणि अर्धा मला दिला. वर जर्दाळूचा मुरंबा. वाखाउ हा जर्दाळूंचा मुलूख, आणि इथे त्यांना म्हणतात ‘मारिले’. इटालियनमार्गे ते लॅटिन ‘आर्मेनियाकुम’पर्यंत जाते, म्हणजे आर्मेनियाचे फळ. आपला जर्दाळू फारसी : जर्द म्हणजे पिवळा, आलू म्हणजे अळूबुखारातला आलू, बटाट्यातला नव्हे. हे सगळे मी पाव खाता खाता बाईंना सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, तुमच्या भाषेत गेफेर्टेला रोजच्या बोलण्यात काय म्हणतात?

म्हटले, सोबती. अरबी ‘सुहबत’, फारसीतून आमच्याकडे सोबत. त्याच धातूचा दुसरा शब्द ‘साहिब’. त्याचा मूळ अर्थही सोबतीच. मग धनी, मग मालक, आणि आमच्याकडे पोहोचेपर्यंत कचेरीतला वरिष्ठ. साहेब आणि सोबती सख्खे भाऊ. एक बढती घेत गेला, दुसरा होता तिथेच राहिला.

बाईंना हे फार आवडले. नाव काठाला लागली तेव्हा त्यांचे यजमान सायकलच्या चाकात अडकलेली दोरी सोडवत बसले होते आणि मागे माणसे खोळंबली होती. बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, “साहेब!”